वाचता येतं म्हणजे नेमकं काय काय वाचता येतं? (डिजिटल ऱ्हेटरिक, मोबाईल आणि आपण कोल्हापूरकर)

मीठभाकर

नमस्कार मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज जरा निवांत टाईप करायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी आमच्या पेठेतल्या बायकांसाठी संध्याकाळी मोबाईलचा वर्ग घेते. तालमीच्या माडीवरची खोली, खाली सतरंजी आणि प्रत्येकीच्या हातात आपापला फोन, एवढाच सगळा थाट. जोडीला माझं स्वतःचंही शिकणं चालू आहे आणि त्यात सध्या डिजिटल ऱ्हेटरिक वाचतेय. नाव जड वाटतं पण गोष्ट रोजची आहे. बोलून, लिहून, दाखवून समोरच्याचं मन आपल्या बाजूला कसं वळवायचं याचा विचार ग्रीकांनी दोन हजार वर्षांपेक्षा आधी करून ठेवलाय. अ‍ॅरिस्टॉटलने त्यात तीन गोष्टी धरल्या, सांगणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. शिवाय वेळ साधणं हेही ग्रीकांनी महत्त्वाचं मानलं. आता हेच सगळं स्क्रीनवर कसं चालतं ते बघायचं. रिचर्ड लॅनहॅम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८९ च्या एका व्याख्यानात डिजिटल ऱ्हेटरिकची भाषा केली, तेव्हा स्मार्टफोन सोडाच, वेबसुद्धा लोकांच्या हातात आलेलं नव्हतं.

दुसरी बाजू साक्षरतेची. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी काही अभ्यासक जमले आणि १९९६ मध्ये त्यांनी एक लेख छापला. त्यांचं म्हणणं असं की यापुढं नुसतं छापील अक्षर वाचता येणं पुरणार नाही, अर्थ हा शब्दांतनं येतो तसा चित्रातनं, आवाजातनं, हावभावातनं आणि जागेच्या मांडणीतनंही येतो, आणि हे सगळं शाळेत शिकवलं पाहिजे. न्यू लंडन ग्रुप म्हणून ते ओळखले जातात.

हे वाचताना मला आमच्या वर्गातल्या एक मावशी सारख्या आठवत होत्या. शाळा लहानपणीच सुटलेली, मेसेज वाचायचा म्हणजे एकेक अक्षर जुळवत जातात. पण सकाळी डेअरीत दूध घालून आल्या की हातातली स्लिप, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घट्ट भाग), दर, रक्कम, एका नजरेत वाचून होते, आणि म्हशीच्या दुधाचा फॅट सहाच्या खाली उतरला असेल तर का उतरला तेही सांगतात, शेवटच्या धारा रेडकाला गेल्या असणार, फॅट शेवटच्या धारांतच असतो म्हणून.

तर झालं असं, लाडकी बहीण योजनेच्या केवायसीच्या नावाने लिंका फिरतात ना, तसला एक मेसेज मी वर्गात सगळ्यांना दाखवला. वर झेंडा, मध्ये नेत्याचा हसरा फोटो, खाली लाल अक्षरात 'आज रात्री १२ पर्यंत शेवटची संधी, नाहीतर १५०० रुपये कायमचे बंद' आणि त्याखाली लिंक. दहावी-बारावी झालेल्या पोरींची बोटं लिंककडं निघाली. मावशी म्हणाल्या, "सरकार कधी एवढी घाई करतंय व्हय? आमच्या सातबाऱ्याला किती हेलपाटं घालाय लावल्यात." मग आम्ही लिंकचा पत्ता बघितला, शेवटी जीओव्ही डॉट इन नव्हतंच. पण मावशींनी लिंकपर्यंत जायच्या आधीच मेसेज ओळखला होता.

माझा प्रश्न आता तुम्हा सगळ्यांना. तुमच्या कामात, घरात, शेतात तुम्ही अक्षरांपलीकडचं काय वाचता? आणि त्या वाचण्याला धरून मोबाईलवरचं वाचणं शिकवता येईल का? माझं मत पक्कं होत चाललंय की सुरुवात तिथनंच करायला पाहिजे, आपल्या माणसांना जे आधीच येतंय त्याच्यापासनं.

शिरोळचा_मळा

ताई लई ब्येस धागा काढलासा. आमी संगमाजवळची माणसं, कृष्णा आणि पंचगंगा दोनी अंगाला, आमाला पाणी वाचायला यायलाच लागतंय, नायतर जनावरं कवा बाहीर काढायची ते कळणार न्हाई.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आमच्यात शाळंतल्या पोरास्नी पण पाठ हाय. २०१९ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलंतं. त्यामुळं पावसाळ्यात ग्रुपवर जे काय येतंय ते आमी कसं बगतो सांगतो. पैली गोष्ट, मेसेजात आकडा हाय का. खरा मेसेज असंल तर त्यात किती वाजता, कुठल्या बंधाऱ्याला, किती फूट किती इंच हे असतंय. राधानगरी धरणाचं सात दरवाजं स्वयंचलित हायत, पाणी ठराविक पातळीला आलं की आपसूक उघडत्यात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, त्यामुळं खरी बातमी 'तीन नंबरचा दरवाजा उघडला, एकूण विसर्ग इतका' अशी येती. आणि खोटी कशी येती, 'राधानगरी सोडलं!!! महाप्रलय!!! जीव वाचवा!!!' त्यात ना तारीख ना आकडा. उद्गारचिन्हं मात्र ढीगभर.

व्हिडिओ असला तर मागं बगायचं. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत हाय, गाडीची प्लेट आपल्या कोल्हापूरची एमएच ०९ हाय का दुसऱ्याच राज्याची, बायकांनी साडी कशी नेसलीया. केरळातल्या पुराचा व्हिडिओ आमच्या गावात 'आत्ताचा शिरोळचा' म्हणून फिरलाय. आणि ह्ये सगळं येतंय रात्री बारा-एकला, लाईट गेल्यावर, पाऊस कोसळत असताना. तुमी जी वेळ साधायची गोष्ट म्हणालासा ती हीच बगा. दिवसा ऊन पडल्यावर तोच मेसेज आला तर कोण ढुंकून बगणार न्हाई.

आमची म्हातारी फोन बगतच न्हाई. ती इचारती, "शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का? वाडीत दक्षिणद्वार झालं का?" मच्छिंद्री म्हंजी पाणी पुलाच्या खुणेला लागणं, दक्षिणद्वार म्हंजी नरसोबाच्या वाडीत देवळात पाणी शिरून दक्षिणंच्या दारानं बाहीर पडणं. त्यावरनं तिचं गणित पक्कं असतंय.

कॅशियर_काकू

+१, शिरोळकर दादा. तुमचं 'आकडा आहे का' हे मी उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगणार. सविस्तर रात्री लिहिते.

तिरपी_रेघ

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांना पाचवीत येऊनही एक सलग परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, जोडाक्षर आलं की थांबतात. मला रोज त्यांच्याबरोबर बसून 'प्र' आणि 'र्प' यातला फरक करून घ्यावा लागतो. अशा वेळी कुणी म्हणालं की दुधाची स्लिप वाचणं हीसुद्धा साक्षरता आणि पाणी वाचणं हीसुद्धा साक्षरता, तर मला काळजी वाटते. कारण उद्या हेच ऐकून वरची माणसं म्हणतील, बघा, सगळे साक्षरच आहेत की, मग शिक्षक कशाला भरायचे, पुस्तकं कशाला द्यायची. ज्यांना अक्षर येतं त्यांनी अक्षराचं महत्त्व कमी करून सांगणं सोपं असतं, ज्याला येत नाही त्याला बँकेचा फॉर्म भरताना दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. मावशी हुशार आहेत यात शंकाच नाही, पण त्यांना खरेदीखतावर कोणी काहीतरी वाचून दाखवलं आणि दुसरंच लिहिलेलं असलं तर स्लिप वाचण्याची हुशारी तिथं कामाला येणार आहे का?

आधी अक्षर. मग बाकीचं.

निवृत्त_खडू

तिरपी रेघ सर, आपली कळकळ पोचली. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून दोन शब्द.

जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात, तर ७ वर्षं आणि त्यावरच्या वयाची व्यक्ती, जिला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या घरात होता. पण या ८२ टक्क्यांत किती जणांना आपल्या जागेचा उतारा समजतो, वर्तमानपत्रातली जाहिरात कुठली आणि बातमी कुठली हे कळतं, ते त्या आकड्यावरनं दिसत नाही.

आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. तेव्हा काय शिकवायचं हा प्रश्न सोपा नव्हताच. त्या काळी दप्तरातला, जमिनीचा, देण्याघेण्याचा सगळा व्यवहार मोडी लिपीत आणि छापील पुस्तक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. ज्याला नुसती बाळबोध येते तो पोथी वाचू शकत होता पण सावकाराने काय लिहून घेतलंय ते वाचू शकत नव्हता. माझे आजोबा मोडी झरझर लिहीत, मला ती येत नाही, माझ्याच घरातले जुने कागद मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. म्हणजे शिकलेला माणूससुद्धा एका पिढीत एखाद्या लिपीपुरता निरक्षर होतो. आज पडद्यावरचा कागद हाच व्यवहाराचा कागद झालाय. सातबारासुद्धा डिजिटल सहीचा मिळतो. तो वाचायला शिकवणं हे अक्षर शिकवण्याचंच पुढचं काम आहे असं मी मानतो. क्रम लावायची गरज मला वाटत नाही.

मीठभाकर

तिरपी रेघ दादा, राग कसला, तुम्ही जे बोललात ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मावशींना अक्षर यायलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही, आणि आमच्या वर्गात आम्ही अक्षरही घेतो. फक्त कुठनं सुरू करायचं यात मी तुमच्यापेक्षा वेगळी आहे.

ब्राझीलमध्ये १९६३ साली अँजिकोस नावाच्या गावी पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० कामकरी माणसांना ४० तासांच्या शिकवणीत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. त्यांची पद्धत अशी होती की बाराखडीपासनं सुरुवात करायची नाही. लोकांच्या जगण्यातला शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ वीट. आधी त्यावर बोलायचं, वीट कोण पाडतं, घर कुणाचं होतं, मजुरी किती, आणि मग तो शब्द फोडून त्यातनं बाकीचे शब्द तयार करायचे. माणूस शब्द वाचायच्या आधी जग वाचत असतो असं ते म्हणत. मी मावशींना 'फॅट' लिहायला आधी शिकवलं. मग 'दर'. मग 'दरवाजा'. आता स्वतःच्या नावाची सही करतात आणि पासबुकातली नोंद वाचतात.

आणि दुसरं, त्या मेसेजला भुलणाऱ्या पोरी शिकलेल्या होत्या. त्यांना अक्षर उत्तम येतं. त्यांना हा मेसेज आपल्याकडनं काय करून घ्यायला बघतोय हा प्रश्न विचारायची सवय कुणी लावली नव्हती. तुमच्या पाचवीच्या मुलांना जोडाक्षर शिकवता शिकवताच ही सवय लावता येईल का, एवढंच माझं विचारणं आहे.

बोर्डवाला

नमस्कार, मी बरीच वर्षं इथं नुसता वाचायला येतो, लिहायचं कधी झालं नाही, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून लिहितोय.

माझं लक्ष्मीपुरीत डिजिटल बोर्डचं काम. वाढदिवस, निवड, मंडळाचा महाप्रसाद, फुटबॉलची मॅच जिंकली, दहावीला पोरगं पास झालं, कोल्हापुरात बोर्ड लागतोच. लोकांना वाटतं फोटो डकवले की झालं. तसं नसतं ओ. चौकातनं गाडीवर जाणाऱ्या माणसाकडं दोन-तीन सेकंद असतात, तेवढ्यात त्याची नजर कुठनं कुठं जाणार हे मी ठरवतो. आधी नजर चेहऱ्यावर जाते, नेहमी, काही केलं तरी. म्हणून उत्सवमूर्ती मोठी आणि कमरेपर्यंत. त्या चेहऱ्याची नजर नावाकडं वळलेली पाहिजे, बोर्डाच्या बाहेर बघत असेल तर बघणाऱ्याची नजर पण बाहेर जाते. बरेचदा गिऱ्हाईक जो फोटो देतं त्यात माणूस उलट्या बाजूला बघत असतो, मग फोटो आरशासारखा पलटावा लागतो. पलटला की घड्याळ उजव्या हातात येतं आणि शर्टाचा खिसा उजव्या छातीवर. पुढच्या वेळी बोर्ड बघाल तेव्हा खिसा बघा, फोटो पलटलेला असेल तर लगेच सापडेल. मोबाईलवर एखादा फोटो आला की मी पण आधी खिसा, घड्याळ आणि मागच्या पाट्यांची अक्षरं बघतो, सवयच झालीये.

मग वरच्या गोलातले नेते. त्यांचा क्रम, त्यांचा आकार, कोण डावीकडं कोण उजवीकडं, हे सगळं गिऱ्हाईक चार-चारदा फोन करून बदलायला लावतं. खाली शुभेच्छुक. कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी, कुणाचं नाव नुसतं अक्षरात, यावरनं माणसं आयुष्यभराची नाराज झालेली मी बघितलीत. निवडणुकीच्या आधी बोर्डावरनं एखादा चेहरा गेला की कोपऱ्यावरचा चहावाला सांगतो, हा गट सोडतोय. त्याने पेपर वाचलेला नसतो. त्याने बोर्ड वाचलेला असतो.

हे आमच्या गावात नवीन नाही. बाबूराव पेंटर मूकपटांच्या काळात कोल्हापुरात बसून सिनेमे काढत होते, कॅमेरा स्वतः तयार केला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत होते, माणूस रस्त्यात थांबला पाहिजे म्हणून. माझे वस्ताद हाताने बोर्ड रंगवायचे, त्यांनी मला पहिलं हे शिकवलं की अक्षर जाड असलं म्हणजे मोठ्याने बोलतं. आता मी कोरलड्रॉवर काम करतो पण तेच नियम.

आणि हल्ली एक मागणी वाढलीये, सभेचा फोटो देतात आणि म्हणतात गर्दी वाढवून द्या. एआयने हे पाच मिनिटांत होतं. मी देत नाही. रंग उजळून देतो, मागची वायर काढून देतो, पण नसलेली माणसं घालून देत नाही, कारण बोर्डावर शुभेच्छा असते तोवर ठीक, गर्दी ही बातमी असते आणि बातमीत मी हात घालणार नाही.

ताई, तुमच्या वर्गात यायला मला आवडेल. एखादा बोर्ड सगळ्यांच्या समोर उघडून दाखवतो, एकेक थर काढत, खाली काय होतं ते.

शिरोळचा_मळा

बोर्डवाले भावा नाद खुळा लिवलंस. खिशाचं मला म्हाईतच नव्हतं, आत्ता चौकात जाऊन बगून आलो, तीन बोर्डावर खिसा उजव्या अंगाला हाय.

कॅशियर_काकू

आले परत. मी एका बँकेत काउंटरला आहे, नाव राहू दे.

डिजिटल अरेस्टचा, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून घाबरवून पैसे काढणारा फोन कसा असतो ते ताईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी धरून सांगते, कारण मला वाचताना एकदम ते चित्र दिसलं. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे भिंतीवर चिन्ह, टेबलावर फायली, ही झाली पत. 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, मुलाचं करिअर संपलं', ही भावना. मग केस नंबर, कलम, अटक वॉरंटची पीडीएफ, हा तर्क. आणि फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, आत्ताच्या आत्ता पैसे पाठवायचे, ही वेळ. चारही गोष्टी एकदम अंगावर आल्यावर शिकलेला माणूस लटपटतो. माझ्या काउंटरला आलेले एक गृहस्थ निवृत्त अधिकारी होते, कानाला फोन तसाच, एफडी मोडायची म्हणाले. त्यांच्या हाताला कंप होता. मी कागदावर लिहून त्यांच्यापुढं सरकवलं, 'काका, कायद्यात डिजिटल अरेस्ट नाही'. त्यांनी दोनदा वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला. तिरपी रेघ सर, बघा, अक्षराने तिथं माणूस वाचला, हे मी तुमच्या बाजूने सांगतेय.

वर्गात या दोन गोष्टी नक्की घ्या ताई. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, त्यामुळं 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असं दिसलं की थांबायचं. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

ऐकीव

मला दिसत नाही. हा धागा मी फोनच्या टॉकबॅकवर ऐकला, घरी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो, तो फुकट मिळतो; दोन्ही स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. तुम्ही सगळे बघण्याबद्दल छान लिहिताय म्हणून माझ्या बाजूचं सांगावंसं वाटलं.

माझ्यासाठी ग्रुपवरचा निम्मा मजकूर नसतोच. कुणी फोटोवर अक्षरं लिहून टाकतं आणि मला ऐकू येतं, 'फोटो'. बस. पुराच्या दिवसांत सरकारी सूचना कागदावर छापून, सही-शिक्का मारून, मग त्याचा फोटो काढून ग्रुपवर येते. सही-शिक्क्यामुळं तुम्हाला विश्वास वाटतो हे मला कळतं, पण त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचत नाही, शाळा बंद आहे का रस्ता बंद आहे हे मी शेजाऱ्यांना विचारतो. तोच मजकूर कुणी खाली टाईप करून टाकला तर मी बाकीच्यांच्या बरोबरीने वाचतो, बरेचदा त्यांच्या आधी, कारण मी फार वेगाने ऐकतो.

आणि आवाजातलं मला तुमच्यापेक्षा लवकर कळतं. रडत आलेल्या व्हॉईस मेसेजमध्ये मागे खोलीचा घुमारा कसा आहे, श्वास वाक्याच्या मध्ये घेतलाय का शेवटी, वाचून दाखवतोय का बोलतोय. मशीनने तयार केलेला आवाज हल्ली बराच सुधारलाय, तरी मराठीत 'च' आणि 'ज' जिथं तिथं अजून फसतो. 'जहाज' म्हणायला लावा. बोर्डवाले जसा बोर्ड उघडून दाखवणार आहेत तसा मी एखादा व्हॉईस मेसेज ऐकवून दाखवू शकेन.

मीठभाकर

ऐकीव दादा, नक्की या. आणि तुमच्या पोस्टनंतर आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आजपासून नियम केलाय, फोटो टाकला की खाली दोन ओळी टाईप करायच्या. मावशी टाईप करत नाहीत, पण त्या व्हॉईस टाकणार म्हणाल्या, तोही तुम्हाला चालेल ना?

ऐकीव

उत्तम चालेल.

फर्स्ट_बेंच

मी शिवाजी विद्यापीठात एमएला आहे. लिंक, फोटो, व्हॉईस सगळं झालं, पण अ‍ॅपची रचनाच आपल्याला ढकलत असते त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. तिकीट किंवा काहीतरी बुक करताना एखादा खण आधीच टिक केलेला असतो, 'नको' म्हणायचं बटण फिकट आणि बारीक, 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरात, हे सगळं शब्द न बोलता मन वळवणंच आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या डार्क पॅटर्नवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत, खोटी घाई हा त्यातलाच एक. मावशी जे बोलल्या ते नियमांत लिहिलेलं आहे.

आणि मेसेजवरच्या खुणा वाचायला शिकवा. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये 'फॉरवर्डेड' लिहायला सुरुवात केली, भारतात एका वेळी ५ च जणांना पाठवायची मर्यादा आणली, नंतर खूप फिरलेल्या मेसेजला दोन बाण आले. ते बाण दिसले की पाठवणारी आपली आत्या असली तरी लिहिणारी आत्या नाही. २०१८ मध्ये हे का करावं लागलं तेही सांगायला हवं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या, त्यातला एक व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेला होता, त्यात शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेश येतो. तो शेवट कापून पुढं पाठवला गेला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. आपल्या शहरातसुद्धा जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरनं दंगल कशी झाली आणि इंटरनेट कसं बंद करावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल.

यावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांचं काम. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर यांना अनोळखी वेबसाईट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर बारकाईने वाचत बसले आणि देखण्या पानाला, चांगल्या नावाला भुलले. फॅक्टचेकर मात्र पान अर्धवट सोडून लगेच दुसऱ्या टॅबमध्ये गेले, ही संस्था कोण आहे, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायला. म्हणजे नीट वाचायचं असेल तर कधी कधी आधी वाचणं थांबवून बाजूला विचारायला जायचं.

निवृत्त_खडू

फर्स्ट बेंच, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. आम्ही पोरांना उलट शिकवत आलो, मान खाली घालून पूर्ण वाच म्हणून.

तिरपी_रेघ

सगळं वाचलं. अजूनही अक्षर आधी हे माझं मत कायम आहे, पण काकूंचा तो कागद आणि मावशींचं फॅट-दर-दरवाजा हे दोन्ही मनात राहिलंय.

काल एक करून बघितलं. पाचवीच्या मुलांना पुस्तकातला परिच्छेद न देता शिरोळकरांचे दोन मेसेज दिले, आकडेवाला आणि उद्गारचिन्हवाला, फळ्यावर लिहून. जी मुलं परिच्छेदात जोडाक्षराला थांबतात त्यांनी 'महाप्रलय' आणि 'विसर्ग' दोन्ही न सांगता वाचलं, कारण त्यांना खरा कुठला ते शोधायचं होतं. एक मुलगा म्हणाला, सर, यात वेळ लिहिली नाही. तोच मुलगा महिनाभर वर्गात तोंड उघडत नव्हता. एवढ्यावरनं मी काही सिद्ध झालं म्हणत नाही, पण पुढच्या आठवड्यात परत घेणार आहे.

ताई, तुमच्याकडं असले अजून मेसेज जमवलेले असतील तर पाठवा. नाव, नंबर काढून. आणि जरा जोडाक्षरं असलेले निवडा.

मीठभाकर

दादा, उद्याच पाठवते. केवायसीचा, वीज आज रात्री कापणार म्हणून येतो तो, फुकट रिचार्जचा, आणि बंधाऱ्याच्या पातळीचा खराखुरा एक. खरे आणि खोटे मिसळूनच देते, नाहीतर पोरं सगळंच खोटं म्हणायला शिकतील आणि मग पुराच्या रात्री खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवणार नाहीत. ते जास्त वाईट.

बोर्डवाले दादा, तुमच्यासाठी एक काम. बंधाऱ्याच्या पातळीची तीच खरी सूचना दोन तऱ्हांनी मांडून द्याल का, एक नेहमीसारखी आणि एक अशी की मोबाईलवर एका नजरेत तारीख, वेळ, फूट आणि काय करायचं ते कळेल?

बोर्डवाला

देतो ताई. मोबाईलसाठी उभा कागद घेतो, पातळीचा आकडा सगळ्यात जाड, त्याच्या लगेच खाली वेळ, फोटो एकही नाही, लाल रंग फक्त ४३ च्या वर गेल्यावर. आणि मजकूर वेगळा टाईप करून सोबत देतो, ऐकीव दादांसाठी. शिरोळकर, तुम्ही एकदा बघून सांगा, आकड्याशेजारी 'वाढतंय का उतरतंय' असा बाण लागेल का?

शिरोळचा_मळा

बाण पायजेच. आमी पैला त्योच इचारतो. आणि जमलं तर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग पण खाली एका वळीत घाल, आमच्याकडं पाणी मागनं पण फुगतंय.